नो-ड्यूज मॅडम

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथपाल मॅडमना माणसाच्या यशात फारसा रस नव्हता. कुणाला सुवर्णपदक मिळालं, कुणाचा शोधनिबंध परदेशात छापून आला, की त्या "बरं झालं" म्हणत आणि चष्मा कपाळावर चढवून लगेच विचारत, "आणि फसलं काय?" या विचारण्यात कुत्सितपणा नसे. डॉक्टर "जेवण जातंय का?" म्हणून विचारतात तितक्याच सहजपणे त्या विचारत, आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे बघत बसत. मी रुजू झालो त्या आठवड्यात त्यांनी माझ्या पीएच.डी.बद्दलही हेच विचारलं. माझा प्रबंध विनोदावर होता. मी दोन वाक्यं बोललो आणि अडलो. त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, "बसा निवांत. आठवंल."

आमचं विद्यापीठ चाकण आणि आळंदीच्या मधल्या एका माळावर आहे. खाजगी आहे, म्हणजे कमान आधी उभी राहिली आणि विषय नंतर ठरले. एका अंगाला कारखान्यांची पत्र्याची छपरं, दुसऱ्या अंगाला चऱ्होलीकडून सरकत आलेल्या सोसायट्या. या सोसायट्यांना नदी, राई, डोंगर अशी नावं आहेत. जागेवरून जे जे हललं त्याची आठवण म्हणून बहुधा. मी तिथे अभियांत्रिकीच्या मुलांना संवादकौशल्य शिकवतो. सोप्या मराठीत सांगायचं तर नोकरीचा अर्ज कसा लिहावा हे शिकवतो.

मी गेलो त्या वर्षी 'शाश्वत विकास' हा शब्द विद्यापीठात नुकताच आला होता आणि घरजावयासारखा रुळत होता. प्रवेशद्वारावर प्लास्टिक टाळण्याचा संदेश देणारा भलामोठा प्लास्टिकचा फ्लेक्स होता. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी रोप देत. ते रोप चकचकीत पारदर्शक कागदात गुंडाळलेलं असे आणि पाहुणे ते गाडीत न्यायला विसरत. आमच्या संचालकांनी प्रत्येक विभागाकडून 'शाश्वत विकासात आमचे योगदान' या विषयावर टिपण मागवलं. माझ्या विभागाने चार पानं दिली, त्यात काय होतं ते मला आठवत नाही, मीच लिहिली असली तरी. ग्रंथालयाकडून एका ओळीचं टिपण आलं, "ग्रंथालय उघडे असते." संचालकांनी जरा विस्ताराने लिहायला सांगितलं. दुसरं टिपण आलं, "ग्रंथालय रविवारीही उघडे असते."

मॅडम मूळच्या लातूरकडच्या. नवऱ्याला पिंपरीत कंपनीत नोकरी लागली तशा इकडे आल्या, आणि इतकी वर्षं राहून बोलण्यातला लातूरचा हेल तेवढा त्यांनी इकडच्या हवेला दिला नाही. मुलं त्यांना नो-ड्यूज मॅडम म्हणत. शेवटच्या वर्षी निकाल हातात पडायचा असेल तर 'येणे बाकी नाही' असा ग्रंथालयाचा शिक्का लागतो, आणि तो शिक्का त्यांच्या टेबलाच्या खणात होता. इतर ठिकाणी हा शिक्का मिळवणं म्हणजे रांगेत उभं राहणं. आमच्याकडे त्यासाठी बसावं लागे. मॅडमसमोर खुर्चीत बसायचं, आपल्या प्रकल्पात काय जमलं नाही ते तोंडाने सांगायचं, मग तेच हाताने एका पानावर लिहायचं, आणि ते पान प्रकल्प-अहवालाच्या शेवटी चिकटवायचं. टाइप केलेलं चालत नसे. "टाइप करायला बसलं की माणसाला खोटं सुचतंय," असं त्यांचं म्हणणं. पान पाठकोरं असे. मागच्या बाजूला बहुतेक वेळा शाश्वत विकासावरच्या एखाद्या परिसंवादाचं परिपत्रक छापलेलं असे, त्यामुळे त्या कागदाच्या दोन्ही बाजू मिळून वाचल्या तर विषयाच्या सगळ्या बाजू कळत.

हा नियम विद्यापीठाच्या कुठल्याही पुस्तिकेत नव्हता. तो शकीलभाईंमुळे आला.

शकीलभाईंचे वडील चाकणच्या बाजारात भांड्यांना कल्हई करायचे. शकीलभाई स्वतः शेडमध्ये नट-बोल्टना जस्ताचा मुलामा देतात. मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांना माल पुरवणारा, असा त्यांचा कारखाना. मुलामा दिलेला माल पाण्याच्या टाक्यांतून धुवावा लागतो आणि ते धुतलेलं पाणी मागच्या ओढ्यात जाई. तसं ते सगळ्यांचंच जाई. शकीलभाईंना मात्र ते डाचत होतं, कारण त्या ओढ्यात ते लहानपणी पोहलेले. मी रुजू होण्याच्या आधीच्या हिवाळ्यात ते एकदा विद्यापीठाच्या फाटकावर आले आणि "इथं पाण्यावर पुस्तकं हायेत म्हणतात, वाचायला मिळतील का?" म्हणून विचारू लागले. रखवालदाराने ओळखपत्र मागितलं. मॅडम नेमक्या रिक्षातून उतरत होत्या. त्यांनी त्यांना आपल्याबरोबर आत नेलं आणि 'पाहुणा वाचक' असा एक प्रकार त्याच दुपारी जन्माला घातला. पुढे फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गणवेशातले कितीतरी पाहुणे वाचक येऊ लागले. एसीसाठी येतात, असं संचालकांचं मत होतं. "मग येऊ द्या की," मॅडम म्हणाल्या, "आपलीबी पोरं त्याच्यासाठीच येतेत."

शकीलभाईंच्या हाती त्यांनी एक जुना प्रकल्प-अहवाल दिला. काळ्या कापडी पुठ्ठ्याचं बांधीव पुस्तक, वर सोनेरी अक्षरं. नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि वाळू यांच्या थरांतून धुण्याचं पाणी गाळून पुन्हा वापरायचं, अशी ती योजना. पुस्तकात सगळं उत्तम झालं होतं. आलेख वर जात होते, पाणी निर्मळ होत होतं, शेवटी आईवडिलांचे आभार होते. शकीलभाईंनी त्याबरहुकूम टाकी बांधली. दुसऱ्याच आठवड्यात ती तुंबली, पाणी शेडबाहेर फुटून रस्त्यावर आलं, आणि आतापर्यंत गुपचूप ओढ्यात जाणारं सगळ्यांना दिसलं. प्रदूषणवाल्यांची नोटीस आली. ठराविक मुदतीत पाणी सुधारलं नाही तर कारखान्याची वीज तोडणार.

शकीलभाई अहवाल घेऊन आले आणि तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. "मॅडम, पुस्तक परत करायला आलोय. जसं लिवलं तसंच केलं, एक इंच इकडं न्हाई का तिकडं न्हाई. पोरं माझ्याकडं बघायलीत, आता काय सांगू त्यांना?" पोरं म्हणजे कामगार, बरेचसे बीड-जालन्याकडून आलेले, त्यांच्याच शेडच्या मागच्या खोल्यांत राहणारे.

ज्या मुलाने तो अहवाल लिहिला होता तो तोवर शेजारच्याच एका कंपनीत लागला होता. मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. तो सुट्टीच्या दिवशी आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मॅडम, आमचंही तुंबलं होतं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"मार्क कापतात ना. आणि घाण पाणी आम्हीच लॅबमध्ये बनवलं होतं. त्यात तेल नव्हतं. कारखान्याच्या पाण्यात तेल असतं हे आम्हाला नंतर कळलं."

स्वच्छ घाण पाणी. मी साहित्याचा माणूस, पण आमच्या उच्च शिक्षणाचं याहून नेमकं वर्णन मला कुठल्या ग्रंथात सापडलेलं नाही.

मॅडमना हे फार लागलं. पुस्तक त्यांनी दिलं होतं. "दुकानदार शिळं विकतो तर लोक त्याला बोलतेत," त्या म्हणाल्या, "आपण तर वर सोनेरी अक्षरं छापून देतो." त्या दिवसापासून शिक्का खणात गेला आणि फसलेलं पान सुरू झालं. नव्या मुलांपुरतं नव्हे. पाण्यावर, सांडपाण्यावर, कचऱ्यावर प्रकल्प केलेल्या जुन्या मुलांचे पत्ते काढून त्यांनी एकेकाला फोन लावले. मी पाहिलंय, रविवारी दुपारी कंपनीचे बूट घातलेला एखादा अभियंता वाचनालयात शाळकरी मुलासारखा पेन चावत बसलेला असे. नोकरी लागलेली, लग्न झालेलं, आता मार्क कापले जाण्याची भीती नव्हती, तरी पहिली ओळ लिहायला त्यांना वेळ लागे. लिहून झाल्यावर मात्र जाताना ते जरा हलके दिसत.

त्याच वर्षी ऋतुजा नावाची शेवटच्या वर्षाची एक मुलगी आणि तिच्या गटातल्या दोघीजणी मॅडमच्या तावडीत सापडल्या. त्यांना प्रकल्पाला विषय हवा होता. मॅडमनी त्यांच्यापुढे फसलेल्या पानांची चळत ठेवली आणि सांगितलं, "हे वाचा. आणि पाणी शकीलभाईंच्या शेडमधलं आणायचं, तेलासकट. लॅबमध्ये बनवायचं नाही." मुलींचा पहिला प्रयत्न फसला, दुसरा वेगळ्या प्रकारे फसला. ऋतुजा रडवेली होऊन आली तेव्हा मी तिथेच होतो. मॅडम म्हणाल्या, "कशाला घाबरायलीस? हे दोन्ही आधी कुणाचं फसलं नव्हतं. म्हणजे तू पुढं गेलीस." शेवटी मुलींना जमलं ते असं: आधी पाणी एका टाकीत स्वस्थ ठेवून तेल वर येऊ द्यायचं आणि काढून घ्यायचं, मग चुना घालून धातू खाली बसवायचा, आणि कोळशापाशी पाणी अगदी शेवटी न्यायचं. ऐकायला साधं वाटतं. इतकं साधं व्हायला बऱ्याच जणांना फसावं लागलं होतं. शकीलभाईंनी शेडमध्ये तशा टाक्या बांधून घेतल्या.

मार्चमध्ये विद्यापीठाच्या मूल्यांकनासाठी समिती येणार होती. संचालकांनी ग्रंथालयात 'शाश्वत विकास दालन' उभारलं. संयुक्त राष्ट्रांच्या सतरा उद्दिष्टांचे सतरा रंगीत चौकोन, खाली दिव्यांची माळ, समोर काळ्या पुस्तकांचं कपाट. दालनाची पाहणी करताना त्यांनी एक अहवाल उचलला, मागून उघडला आणि वाचू लागले. दुसरा उचलला. मग तिसरा.

"मॅडम, हे काय आहे? 'आमचा पंप जळाला आणि आम्ही शेजारच्या गटाचे आकडे घेतले.' हे समितीने वाचलं तर?"

"वाचायसाठीच लावलंय, सर."

"फार निगेटिव्ह आहे. ही पानं काढून टाका."

"काढते की," मॅडम म्हणाल्या. "फक्त ग्रंथालयाचा नियम असा हाय, की जो पान फाडतो त्याच्याकडून अख्खं पुस्तक भरून घ्यायचं. सगळी तुमच्या नावावर टाकू का?"

संचालक वाईट माणूस नव्हते. फ्लेक्सवर श्रद्धा असलेले होते, इतकंच. ते कपाटावर पडदा लावायला सांगून निघून गेले. पडदा हिरवा होता.

खरी पंचाईत पुढे झाली. समिती ज्या दिवशी यायची, नेमका त्याच दिवशी सकाळी शकीलभाईंच्या शेडवर प्रदूषणवाले पाण्याचा नमुना घ्यायला येणार होते. मुदत संपत आली होती. हा शेवटचा नमुना. आणि संचालकांना ऋतुजाचा गट ब्लेझर घालून दालनात उभा हवा होता. मुलींनी विचारलं, काय करायचं. मॅडमनी चष्मा पुसला. "तुम्ही नसलात तर इथं काय फसंल?" ऋतुजा म्हणाली, "काही नाही. आम्ही नुसत्या उभ्या राहणार." "आणि तिथं?" सकाळी त्या तिघी शेडवर गेल्या.

मी स्वागत समितीत होतो, म्हणजे माझ्या हातात पारदर्शक कागदातलं रोप होतं. संचालकांनी दालनात नजर फिरवली आणि मॅडमजवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं, "मुली कुठायत?"

"पाण्यापाशी."

"कुठल्या पाण्यापाशी? मॅडम, आज काहीही कमी पडलं ना, तर तुम्हाला सांगतो, याची जबाबदारी..."

"माझी," मॅडम म्हणाल्या. "लिहून घ्या पाहिजे तर."

तेवढ्यात समिती आली. अध्यक्षांनी रंगीत चौकोनांपाशी उभं राहून विचारलं, "विद्यार्थी कुठे आहेत?" वर्षानुवर्षांच्या सरावाने संचालकांच्या तोंडून आपसूक निघालं, "फील्डवर आहेत, सर." अध्यक्ष "वा" म्हणाले, पडद्याच्या कापडाचं कौतुक केलं, आणि सगळे जेवायला गेले. पुरणपोळी होती. समितीच्या पाहणीतला सर्वांत सखोल भाग तोच झाला. पुढे श्रेणी चांगलीच मिळाली, कशामुळे ते कुणालाच कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मॅडम जेवायला आल्या नाहीत. त्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसल्या होत्या. मी दोन पोळ्या झाकून घेऊन गेलो, त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. शिपाई सोपानमामा उगाच त्याच त्या कपाटांवरून फडकं फिरवत होते. फोन आला तेव्हा मॅडमनी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, ऐनवेळी चुना कमी पडला," ऋतुजा धापा टाकत सांगत होती. "शकीलभाई समोरच्या बिल्डिंगच्या साइटवर पळाले, तिथून घमेलं भरून आणला. साहेब थांबले तोवर. नमुना घेतला. दिसायला स्वच्छ आहे मॅडम, पण रिपोर्ट यायचाय."

"तुंबलं का?"

"नाही."

मॅडमनी फोन ठेवला आणि थंड झालेली पोळी खायला घेतली. सोपानमामा म्हणाले, "मग जमलं म्हनायचं का?" मॅडम म्हणाल्या, "रिपोर्ट येऊ द्या."

रिपोर्ट यायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत शकीलभाई मधूनमधून येत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत, समोर वर्तमानपत्र धरत. पान उलटत नसत. एकदा मी विचारलं, "काय म्हणतोय कारखाना?" तर म्हणाले, "चालूये सर. रात्री मशीन बंद असतं, तरी आवाज येतो. झोपच न्हाई." नमुना नापास झाला असता तर वीज गेली असती आणि वीज गेली की काम देणारी कंपनी दुसरी शेड बघणार, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मॅडमनी सांगितलं. मॅडमही त्या दिवसांत कुणाला काही विचारत नव्हत्या. मुलं शिक्क्याला आली तर "नंतर या" म्हणत.

मग एका दुपारी शकीलभाई आले ते सरळ टेबलापाशी गेले. नमुना पास झाला होता. नोटीस मागे घेतली होती. त्यांनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की मॅडमनी दोनदा विचारलं. मग त्या मागे टेकून बसल्या आणि नुसतं "हं" म्हणाल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, चांगली बातमी ऐकूनही त्यांनी "आणि फसलं काय?" न विचारलेला तो एकच प्रसंग मला आठवतो.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि आता रावेतला मुलाकडे राहतात. निरोपसमारंभात 'शाश्वत विकासाच्या अग्रदूत' असं लिहिलेला फ्लेक्स होता आणि त्यावर शकीलभाईंच्या टाकीचा फोटो होता, शकीलभाईंना कापून. नव्या ग्रंथपालांनी नो-ड्यूज ऑनलाइन केलं. बटण दाबण्यापूर्वी मुलाला समक्ष बोलावून घेतात, असं ऐकतो. तो समारंभ मला धड आठवत नाही. मला आठवते ती रिपोर्ट आलेली दुपार.

मॅडमना सांगून झाल्यावर शकीलभाई आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. वर्तमानपत्र उघडलं, आणि बघता बघता त्यांची मान छातीवर आली. थोड्या वेळाने ते चक्क घोरू लागले. वाचनालयात झोपू नये अशी पाटी आहे आणि झोपलेल्याला किल्ल्यांचा जुडगा वाजवून उठवणं हे सोपानमामांचं आवडतं काम. ते जुडगा घेऊन निघाले. मॅडमनी नुसता हात वर केला. आसपासच्या मुलांनी पुस्तकं उचलली आणि लांबच्या टेबलांवर गेली. सहा वाजले. बंद होण्याची घंटा मॅडमनी वाजवू दिली नाही. मुलं एकेक करून पाय न वाजवता बाहेर पडली. सोपानमामांनी बाकीचे दिवे घालवले, त्या कोपऱ्यातला ठेवला. मॅडम पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्यांची घराकडची बस गेली असावी.

शकीलभाई जागे झाले तेव्हा रिकाम्या वाचनालयाकडे बघून गडबडले. "अरेच्चा. मॅडम, उठवायचं ना मला."

"कशाला?" मॅडम उठत म्हणाल्या. "कारखाना चालूच हाय की."